दुसरा गाल पुढे करण्याबद्दल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत कामाच्या ठिकाणचे टोमणे कसे झेलावेत यावर जो लेख आला, तो मी नाईट संपवून घरी आल्यावर वाचला आणि झोप उडाली. लेखिकेच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण दिसण्यावरून कुणी बोललं तर हसून सोडून द्यावं, पुणेकरांच्या बोलण्यात तिरकसपणा असतो, द्वेष नसतो, असं त्यांनी लिहिलंय. आणि पुढे, दुसरा गाल पुढे करायची वृत्ती ख्रिस्ती सहकाऱ्यांकडून शिकावी, असंही म्हटलंय. या दोन्हींना उत्तर द्यायचा मला हक्क आहे. मी ख्रिस्ती आहे, माझा जन्म पुण्यातला, आणि दिसण्यावरून मला अजूनही बोलतात.

माझी आई मिझोरामची. बिबवेवाडीची युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली यवतमाळहून पुण्यात आली, त्यानंतर काही वर्षांनी आई तिथे शिकायला आली. पप्पा राहुरी तालुक्यातले, तिसऱ्या पिढीचे मराठी ख्रिस्ती. घरात मराठीच बोलतात, आईसुद्धा. माझ्या डब्यात भाकरी आणि मेथी असते. तरी 'आज डब्यात कुत्रा का?' हा प्रश्न मी प्रत्येक नवीन बॅचकडून ऐकलेला आहे. चेहरा आईचा आहे, एवढंच त्याचं कारण. २०२० च्या मार्चमध्ये याच चेहऱ्यामुळे भाजीवाल्याच्या रांगेत बायका मागे सरकल्या होत्या, आणि त्याच दुपारी मी पीपीई किट घालून आयसोलेशन वॉर्डात उभी होते. हे त्या वेळी देशभर इतकं चाललं होतं की केंद्रीय गृहमंत्रालयाला राज्यांना पत्र पाठवून ईशान्येकडच्या लोकांचा छळ थांबवा म्हणून सांगावं लागलं. तो तिरकसपणा होता का, हे लेखिकेने सांगावं.

पण मला लिहायचंय ते वॉर्डातल्या फळ्याबद्दल.

आमच्या नर्सिंग स्टेशनच्या मागे पांढरा फळा आहे. त्यावर रोज ड्यूटी लिहितात : सकाळ, दुपार, नाईट, पुढे सिस्टरची नावं, त्यापुढे बेड नंबर. एके दिवशी माझ्या नावाच्या जागी 'मोमो' लिहिलेलं दिसलं. निळ्या मार्करने, बाकीच्यांच्या नावांइतक्याच सुवाच्य अक्षरात, पुढे बेड नंबरही बरोबर. मी ते पुसून माझं नाव लिहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या फळ्याखाली मेट्रनची सही असते. त्यांनी रोज तो वाचला आणि रोज खाली सही केली. राउंडला आलेले डॉक्टर त्यावरूनच हाक मारायला लागले. मग पेशंटचे नातेवाईकही. एका आजोबांच्या मुलाने काउंटरवर येऊन 'त्या मोमो सिस्टर नको, आपल्यातली द्या' असं सांगितलं. मी समोर उभी होते, हातात त्याच्याच वडिलांची सलाइनची बाटली होती. मेट्रन मला म्हणाल्या, 'जा गं तू दहा नंबरला.' त्या माणसाला त्या काहीही बोलल्या नाहीत.

मी तोंडी सांगितलं. 'अगं, प्रेमाने म्हणतात सगळे,' हे उत्तर मिळालं. मग एचआरकडे गेले. तिथल्या साहेबांनी मला समजावलं की २०१३ च्या कायद्याखाली जी अंतर्गत समिती आहे ती लैंगिक छळाच्या तक्रारी घेते, माझं प्रकरण त्यात बसत नाही. हे त्यांचं म्हणणं खरं आहे. खासगी नोकरीत वंशावरून, चेहऱ्यावरून कुणाला हिणवलं तर दाद मागायला तशी समिती आपल्याकडे कुठल्याच कायद्याने बसवलेली नाही. २०१४ मध्ये दिल्लीत निडो तानिया या अरुणाचलच्या मुलाचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. त्यानंतर नेमलेल्या बेझबरुआ समितीने वंशद्वेषी बोलण्या-वागण्यासाठी फौजदारी कायद्यात नवी कलमं घालावीत अशी शिफारस केली होती. ती कलमं आली असती तर एचआरच्या साहेबांना मला एवढ्या सहज परत पाठवता आलं नसतं. तुमच्या लेखात याचा उल्लेख नाही. श्वास मोजायला आणि डायरी लिहायला मात्र अर्धं पान दिलंय.

त्यानंतर मी लेखी तक्रार दिली. आठवडाभरात माझी बदली सीएसएसडीला झाली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : तळघरातला तो विभाग जिथे ऑपरेशन थिएटरमधली आणि वॉर्डातली वापरलेली हत्यारं धुतात, पॅक करतात आणि ऑटोक्लेव्हमध्ये १३४ अंशांच्या वाफेत निर्जंतुक करतात. पॅकवरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या की गाडी वर जाते. त्या कामाला मी नावं ठेवत नाही, त्यावर सगळं थिएटर चालतं. पण मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली, आयसीयूत वर्षानुवर्षं काम केलेली सिस्टर आहे. आता अख्ख्या ड्यूटीत मला एकही पेशंट दिसत नाही. आणि, खरं सांगायचं तर, एकाही पेशंटला मी दिसत नाही. त्यासाठीच तर मला खाली पाठवलं. बदलीच्या कागदावर 'प्रशासकीय सोय' असं लिहिलंय.

आता त्या दुसऱ्या गालाविषयी.

प्रभूने डोंगरावर तसं शिकवलं हे मी लहानपणापासून पाठ म्हणते आहे. माझ्या चर्चच्या मंडळीतल्याही काही जणांनी मला तेच ऐकवलं : प्रभूसाठी सोस, तो बघून घेईल. तेव्हा मी सारखी रडायचे आणि रडले की आपलाच विश्वास कमी पडतोय असं वाटायचं. आमच्या पाळकसाहेबांनी मला एका संध्याकाळी उपासनेनंतर थांबवून योहानाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय उघडायला लावला. येशूला बांधून हन्ना या याजकापुढे उभं केलंय, चौकशी चाललीय, आणि एक शिपाई त्याच्या तोंडात मारतो. येशू तिथे गप्प बसत नाही. मी वाईट बोललो असेन तर ते काय ते दाखव, बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस, असं तो हात बांधलेल्या अवस्थेत त्या शिपायाला विचारतो. गाल पुढे करायला ज्याने शिकवलं त्यानेच हे विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, 'तुला एवढंच विचारायचंय, का मारतोस. विचार.' क्षमेबद्दलही लूकच्या सतराव्या अध्यायात क्रम दिलाय : भावाने अपराध केला तर आधी त्याला दटाव, त्याने पश्चात्ताप केला तर क्षमा कर. आम्हाला क्षमाशील म्हणणारे मधलं सगळं गाळून शेवटाला येतात.

आईने वेगळंच वाचून दाखवलं. तिचं बायबल मिझो भाषेतलं, ती वाचत जाते आणि मला मराठीत सांगत जाते. गणनाच्या बाराव्या अध्यायात मोशेची बायको कूशी, म्हणजे आफ्रिकेतल्या कूश देशाची आहे. त्यावरून मोशेची सख्खी बहीण मिर्याम आणि भाऊ अहरोन नाराजीने बोलायला लागतात. देव त्यांना निवासमंडपापाशी बोलावून घेतो आणि जाब विचारतो. मिर्याम कोडाने बर्फासारखी पांढरी होते. मोशे तिच्यासाठी देवाकडे गयावया करतो, तरी सात दिवस तिला छावणीबाहेर ठेवतात, आणि ती परत येईपर्यंत सगळ्या लोकांचा मुक्काम हलत नाही. आई म्हणाली, बघ, घरातल्याच माणसाने बोललेलं होतं, तरी देवाने थट्टा म्हणून सोडून दिलं नाही. सगळ्या लोकांची वाट अडली त्यापायी.

ही तीच आई आहे जिला २०१२ च्या ऑगस्टमध्ये, हल्ल्यांच्या अफवा उठल्या आणि ईशान्येकडची मुलं पुणे स्टेशनवर मिळेल त्या गाडीत चढत होती, तेव्हा शेजारच्यांनी 'तुम्हीही जाऊन या थोडे दिवस' असं सांगितलं होतं. ती गेली नाही. ती स्टेशनवर पाण्याच्या बाटल्या घेऊन गेली आणि जाणाऱ्या मुलींना आपला फोन नंबर देत राहिली. रविवारी नेहमीसारखी देवळात पुढच्या बाकावर बसली.

माझ्या श्रद्धेने माझा राग काढून घेतला असं कुणी समजू नये. राग आहे. श्रद्धेने मला दिलं ते हे की तक्रारीच्या कागदावर सही करताना माझा हात थरथरला नाही, आणि सीएसएसडीत पहिल्या दिवशी उतरताना आपण शिक्षा भोगायला चाललोय असं वाटलं नाही. मी देवाच्या प्रतिरूपाची आहे हे मला माहीत आहे. त्या फळ्यावर काय लिहिलंय त्याने त्यात काही कमी होत नाही. हे ज्याला आतून माहीत असतं तो गप्प बसत नाही, निदान माझ्या बाबतीत तरी तसं झालं.

साक्षीदार म्हणून माझ्या तक्रारीवर एकाच व्यक्तीची सही आहे. माझ्याबरोबर प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरांपैकी कुणाची नाही. ती आहे वॉर्डातल्या मावशींची. त्या कंत्राटावर आहेत, त्यांची नोकरी माझ्यापेक्षा कच्ची. दर वर्षी पालखीबरोबर जाणाऱ्या, माळकरी. फळ्यावर कोण लिहितं ते त्यांनी फरशी पुसताना पाहिलं होतं. मी नको म्हणत होते तर म्हणाल्या, 'मी बघितलंय ते बघितलंय. सांगायला काय जातंय?' खरं तर त्यांचं पुष्कळ जाऊ शकतं. मी त्यांच्यासाठी रोज प्रार्थना करते. तुमच्या लेखिकेला कुणाकडून काही शिकायचंच असेल तर मावशींकडून शिकावं.

पत्र लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. दर डिसेंबरला तुमच्या पहिल्या पानावर एमजी रोडची रोषणाई, सांताची टोपी आणि प्लम केक येतो, आणि झाला आमचा सण. गुरुवार पेठेत पाच हौदांजवळचं पवित्र नाम देऊळ १८८५ पासून उभं आहे. क्वार्टर गेटच्या सिटी चर्चला जागा सवाई माधवराव पेशव्यांनी दिली, १७९२ साली. पुण्यात मराठी उपासना होतात, मराठी गीतं तबला-पेटीवर म्हटली जातात. तिथे तुमचा फोटोग्राफर कधी फिरकत नाही. मग रविवारच्या लेखात आमच्याबद्दल 'बाहेरून येऊन इथे रुळलेले' असं सहज लिहून जातं आणि संपादन करताना कुणाला ते खटकत नाही. माझे पप्पा राहुरीहून आले. त्यांना बाहेरचे म्हणायचं असेल तर निम्म्या पुण्याला म्हणावं लागेल.

माझी विनंती एवढीच आहे की, याच पुरवणीत, याच जागी, एखाद्या वकिलाकडून किंवा कामगार संघटनेच्या माणसाकडून लिहून घ्या : खासगी नोकरीत चेहऱ्यावरून, जातीवरून, धर्मावरून कुणाला हिणवलं तर त्याने कागद कुठे द्यायचा, पोच कशी घ्यायची, साक्षीदाराला संरक्षण काय. हे पत्र वाचून ज्या मुलींना त्याची गरज पडेल त्या पुण्यात पुष्कळ आहेत, आणि त्या सगळ्या ईशान्येकडच्या नाहीत.

मला कळवलं गेलंय की फळ्यावर आता नावं नीट लिहितात. ते ठीक झालं, पण माझं नाव त्या फळ्यावर नाही, कारण मी त्या वॉर्डात नाही. सोमवारी मी दुसरं पत्र देणार आहे. त्यात दोन गोष्टी मागितल्या आहेत : वॉर्डातली माझी जागा, आणि 'आपल्यातली द्या' म्हणणाऱ्याला त्या दिवशी कुणी काही का बोललं नाही याचं लेखी उत्तर. दोन्ही मिळेपर्यंत मी पत्रं देत राहणार.

आपली,
एक परिचारिका, वानवडी, पुणे

(माझं नाव आपल्याकडे कळवलं आहे, कृपया छापू नये. तक्रारीवर ते पूर्ण लिहिलेलं आहे. इथे नको म्हणते ते मावशींसाठी.)