दोन वह्यांचा ताळा

पाचपाखाडी, ठाणे
रविवार दुपार

चि. ऋता हिस,
बाबाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन आपटलास. मोबाइल आपटता येत नाही हे मलाही कळतं, पण तसाच वाटला. पोट परत सुरू झालंय, सकाळपासून सहा वेळा जाऊन आले, एवढंच तू सांगत होतीस. तेवढ्यात आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "तारीख काय गं तुझी?" त्यावर तू, "काही झालं की तारीख! म्हणजे मी नाटकं करतेय का?" आणि फोन बंद. आई नंतर बराच वेळ कोथिंबीर निवडत बसली. निवडून झालेलीच परत निवडत होती.

म्हणून हे पत्र. फोनवर मला हे बोलायला जमणार नाही. पाळी हा शब्द तुझ्यासमोर उच्चारायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. आमच्या घरात आजी 'कावळा शिवला' म्हणायची आणि आम्ही पोरं खरंच कावळा शोधत फिरायचो.

तुझा राग खोटा नाही. निदान व्हायच्या आधीचे सात-आठ महिने आपण सगळ्यांनी तुझी हीच बोळवण केली. कधी 'दिवस जवळ आले असतील', कधी परीक्षेचं टेन्शन, कधी कॉलेजच्या कॅन्टीनमधला वडापाव. शीतून रक्त पडायला लागलं तेव्हा आजीने रक्ती आव ठरवून कुड्याचं पाळ उगाळून दिलं. कोलोनोस्कोपी होऊन अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला आतून सूज आणि जखमा, हे नाव कळेपर्यंत तुझं वजन अडतीस किलोवर आलं होतं. त्याच काळात तीन महिने तुझी पाळी चुकली आणि आईने तुला आडून आडून भलतंच विचारलं, ते तू अजून विसरली नाहीस, मला माहीत आहे. आजार जोरात असला, वजन उतरलं, की पाळी अशी दडी मारते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. तर आईचा कालचा प्रश्न कितीही सरळ असला, तरी तुझ्या कानाला तो जुन्याच सुरात ऐकू येणार.

पण ती तो का विचारते, त्याच्या मागे माझी एक चूक आहे. ती तुला नीट सांगितलेली नाही.

मी तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये हिशेब लिहिले. तुझं आजारपण सुरू झाल्यावर दुसरं काही येत नव्हतं म्हणून तेच केलं. निळी वही घेतली, रकाने आखले: तारीख, किती वेळा, रक्त होतं का, काय खाल्लं. महिनाअखेर बेरीज आणि सरासरी. त्या जूनमध्ये डॉक्टरबाईंना मोठ्या ऐटीत सांगितलं, "महिन्यात एकूण नव्वद वेळा. सरासरी तीन." त्यांनी सरासरीकडे बघितलंसुद्धा नाही. वही ओढून घेतली आणि बोट खाली खाली फिरवत गेल्या. पंचवीस दिवस दोन, दोन, दोन. मध्येच सलग पाच दिवस आठ, आठ, आठ.

"हे पाच दिवस काय होतं?"

मी म्हणालो, "पाऊस सुरू झाला होता, पाणी बदललं असेल."

तू खाली बघत होतीस. बाई तुझ्याकडे वळल्या, "पाळी होती?" तू मान हलवलीस. मी छताच्या पंख्याकडे बघितलं. तीन पात्यांचा होता, एका पात्यावर जास्त धूळ.

हिशेबनीस म्हणवणाऱ्या माणसाने सरासरी काढून नेमकी बघायची गोष्टच झाकून टाकली होती. तुझं दुखणं 'रोज तीन वेळा' असं कधी नव्हतंच.

त्या रात्री तू झोपल्यावर मी फ्रिजशेजारचं कालनिर्णय खिळ्यावरून काढलं आणि जेवणाच्या टेबलावर निळ्या वहीशेजारी ठेवलं. त्यावर माझ्या अक्षरात गॅस सिलिंडरच्या तारखा, आईच्या अक्षरात दुधाचं जादा अर्धा लिटर, आणि काही तारखांच्या कोपऱ्यात बारीक लाल टिंब. ती टिंबं मी वर्षानुवर्षं बघत होतो. चतुर्थीची असतील असं वाटायचं! आईने सांगितलं, तुझ्या तारखा. मग चार महिने मागे जात दोन्हींचा ताळा घातला. तीन महिन्यांत टिंब आणि आठाचे आकडे एकाखाली एक आले.

त्यात ऐरोलीचा दिवसही सापडला. आठवतं ना? ठाण्याहून वाशीची लोकल, अर्ध्या तासाचा रस्ता आणि गाडीत संडास नाही. कुठल्या स्टेशनावर काय उघडं असतं, कुठे कडी लागते, कुठे पाणी येतं, हा नकाशा तुझ्या डोक्यात पक्का होता. त्या दिवशी ऐरोलीला उतरून फोन केलास, "बाबा, कपडे घेऊन या." आईने पिशवी भरून दिली, मी रिक्षाने आलो. पाच मिनिटांनी आतून परत फोन, "यात पॅड नाहीये." मग केमिस्ट. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "विंग्जवाले का साधे?" मला काय ठाऊक, म्हटलं दोन्ही द्या. त्याने ते वर्तमानपत्रात गुंडाळलं, वर काळी पिशवी चढवली, वाइन शॉपमध्ये बाटली देतात तशी. आणि निळ्या वहीत त्या तारखेपुढे मी काय लिहिलं होतं? 'आठ वेळा. बहुधा बाहेरचं खाल्लं.' पॅड मी स्वतःच्या हाताने आणून दिलं होतं, तरीही.

याच्या आधीच्या वर्षी असंच एकदा डॉक्टरांना फोन करून 'आठ वेळा जातेय' एवढंच सांगितलं होतं आणि स्टेरॉइड सुरू झालं. तुझं तोंड पुरीसारखं फुगलं आणि तू दोन महिने फोटो काढू दिला नाहीस. ती गोळी तेव्हा लागलीच असती की नाही, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मी अर्धाच हिशेब दिला होता, एवढं मात्र खरं.

बाईंनी पुढच्या भेटीत जे समजावलं ते मी वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून ठेवलंय, तेच इथे लिहितो. पाळीच्या सुरुवातीला गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ सुटतात. त्यांनी गर्भाशय आवळतं, अस्तर बाहेर पडतं, ओटीपोटात कळा येतात. पण मोठ्या आतड्याचं टोक गर्भाशयाला अगदी खेटून असतं, चाळीतल्या दोन खोल्यांसारखं, आणि एका घरातलं भांडण दुसऱ्यात ऐकू येतंच. तेच पदार्थ आतड्याचे स्नायूही आवळतात, म्हणून धडधाकट बाईलाही त्या एक-दोन दिवसांत जुलाब होतात. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन चढलेलं असतं, ते आतड्याला सुस्त करतं. पाळीच्या तोंडाशी ते उतरतं. 'पोट फुगलंय, साफ होत नाही' असं तू चार दिवस आधी म्हणायचीस आणि मग एकदम धावपळ, ते त्यामुळे. तुझं आतडं आधीच हुळहुळं, त्यामुळे दुसरी बाई जे सहज निभावून नेते ते तुला झोपवतं. कोलायटिस आणि त्याचा भाऊबंद आतड्याचा आजार क्रोन्स असलेल्या पुष्कळ बायकांचा हाच अनुभव आहे.

मी घरी येऊन हे मोठा शोध लावल्यासारखं आईला सांगितलं. ती म्हणाली, "मला पण व्हायचं की. पहिल्या दिवशी दोन-तीनदा जावं लागायचं. यात नवीन काय?" सत्तावीस वर्षांचा संसार, आणि मला पत्ता नाही.

आता तुझ्या रागाचा खरा मुद्दा. पाळीमुळे पोट चाळवलं म्हणजे आजार शांतच आहे, असंही नाही. ताळ्यात जो चौथा महिना जुळला नाही तो चैत्रातला होता. टिंबाला अजून दोन आठवडे अवकाश, तरी आकडे चढलेले, शीमध्ये रक्त आणि शेंबडासारखी चिकट आव, रात्री तीन वाजता मुरडा येऊन उठणं. तो खरा फ्लेअर होता, आजारच उसळला होता. कॅलप्रोटेक्टिनची तपासणी, म्हणजे शीच्या नमुन्यातून आतड्याची सूज मोजतात ती, केली तेव्हा आकडा बाराशेच्या वर. आणि पुढे दिवाळीनंतर, पाळीत त्रास झाला म्हणून पाळी संपल्यावर तीच तपासणी केली, तर ८६. पाळीचं रक्त नमुन्यात मिसळून घोळ होऊ नये म्हणून लॅबवाल्यांनी ते दिवस टाळायला सांगितलं होतं. तर दुखणं दोन्ही वेळा खरंच होतं, तू दोन्ही वेळा तितकीच वाकली होतीस. उपाय मात्र वेगळा. तारीख विचारायची ती एवढ्यासाठी.

कालच्या सहा वेळांत रक्त होतं का, हे तू सांगितलं नाहीस आणि मी विचारलं नाही. पाळी चालू असताना भांड्यात लाल दिसलं की ते कुठून आलं हे कळत नाही, तू मागे एकदा त्यापायी रडलीही होतीस. पुसताना कळतं म्हणाली आई, आणि शीमध्ये मिसळलेलं असेल तर ते आतड्याचंच. रात्री झोपेतून उठवतं का, ताप आहे का, हे बघ. पाळी संपून दोन-तीन दिवसांत पोट जागेवर यायला हवं. नाही आलं तर फोन कर, आम्हाला नको, डॉक्टरबाईंना. आणि ट्रूलव्ह आणि विट्स या दोन डॉक्टरांनी १९५५ मध्ये ठरवलेली एक मोजपट्टी अजून वापरात आहे, ती पाठ कर: दिवसाला सहा किंवा जास्त वेळा रक्ताची शी, आणि सोबत ताप, नाडी नव्वदच्या वर किंवा हिमोग्लोबिन साडेदहाच्या खाली, यातलं एक जरी असलं तर तारीख बघत बसायचं नाही. सरळ हॉस्पिटल, रात्र असो की ऑफिसात मीटिंग असो.

मागच्या खेपेला तुझ्या रूममेटने कळांसाठी गोळी दिली होती, ती परत घेऊ नकोस. पोरगी भली आहे, तिला ती लागू पडते, तुझं गणित वेगळं. मेफेनॅमिक अॅसिड, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही सगळी एकाच जातीची औषधं. ती प्रोस्टाग्लँडिनच अडवतात, म्हणून कळा थांबतात. पण आतड्याच्या अस्तराचं राखण करणारेही तेच पदार्थ, त्यामुळे काहींचा कोलायटिस या गोळ्यांनी उसळतो. शिवाय पाळीच्या कळांवरच्या गोळीत पुष्कळदा पेटके थांबवणारं औषधही घातलेलं असतं, आणि कोलायटिस जोरात असताना ते द्यायचं नसतं, आतडं सुस्तावून फुगायची भीती असते. पॅरासिटामॉल आणि गरम पाण्याची पिशवी, एवढं बाईंनी मोकळं ठेवलंय. मेसालामिन, तुझं आतड्याच्या सुजेवरचं रोजचं औषध, मात्र एकही दिवस चुकवू नकोस आणि मनाने वाढवूही नकोस.

गौरी-गणपतीला घरी येशील तेव्हा आत्या पाळी पुढे ढकलायची गोळी हातात ठेवेल, दरवर्षी ठेवते. घ्यायची नाही. आतड्याला सूज असते तेव्हा रक्तात गुठळी होण्याचा धोका मुळातच जरा जास्त असतो आणि हार्मोनच्या काही गोळ्या त्यात भर घालतात, म्हणून बाईंना विचारल्याशिवाय नाही. पाळी आली तर आली. गौरी आपल्या घरी माहेरपणाला येतात, त्या काही तुला हाकलणार नाहीत. आत्याशी मी बोलेन. (मी बोलेन म्हणजे आई बोलेल आणि मी शेजारी उभा राहीन.)

हिमोग्लोबिन या महिन्यात करून घे. तुझं रक्त दोन खात्यांतून खर्ची पडतं आणि जमा एकाच तोंडाने होते. लोहाच्या गोळ्यांनी तुझं पोट बिघडतं, शी काळी होते आणि मग रक्ताची भीती वाटून तू परत झोपत नाहीस. तसं असेल तर मागच्यासारखं सलाइनमधून लोह घेता येईल, अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सोबत एक छोटी डायरी पाठवतोय. रकाने आखलेत, पण या वेळी पाळीचा रकाना तारखेला लागूनच आहे. सरासरीचा रकाना नाही. ती आम्हाला दाखवायची नाही, बाईंना दाखव. फ्रिजशेजारच्या कालनिर्णयावर तू गेल्यापासून लाल टिंबं नाहीत, आईला ते सारखं जाणवतं. कालचा प्रश्न तिने त्यापायीही विचारला असेल. तिला फोन कर. माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल.

तुझा,
बाबा

ता. क. डब्यात मेतकूट आहे आणि मऊ भातासाठी आंबेमोहोर तांदूळ. चिवड्यात शेंगदाणे घातलेले नाहीत. डब्याच्या तळाशी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पाकीट आहे, विंग्जवाले. मीच आणले, काळी पिशवी नको म्हणालो.