मिरवेलीला आतून बळ हवे

संपादक महाशय,

आगरात माडा-पोफळीवर चढलेल्या मिरवेली पावसात कुजून मरतात, त्यामागे फायटोप्थोरा हा बुरशीसारखा रोगजंतू असतो. खालच्या पानांवर झालरीसारख्या कडेचे काळे डाग दिसतात, मग बुंधा कुजतो. वेल पिवळी पडल्यावर औषध म्हणजे वरातीमागून घोडे! पोटॅशियम फॉस्फोनेट (लिटरभर पाण्याला ३ मिली) वेलीची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करते. मृगाच्या सरी लागताच पानांवर फवारा आणि प्रत्येक वेलीच्या बुंध्याशी तेच द्रावण ५ लिटर ओता. सोबत ५ किलो कुजलेल्या शेणखतातून ५० ग्रॅम ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाला रोखणारी मित्रबुरशी, द्या. त्याच सुमारास मातीत बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) मात्र ओतू नका. मोरचुदातल्या तांब्याने ट्रायकोडर्माच मरतो. जमिनीवर लोळणारे फुटवे आधीच छाटा, चिखलाचे शिंतोडे पहिल्यांदा त्यांच्याच पानांवर उडतात. आळ्यात पाणी तुंबले, तर वरचे सगळे वाया.

— काही मिरी बागायतदार, गुहागर