रिम्मोनिमना आग दाखवण्याआधी

प्रिय मित्रा,

सिनेगॉगमधली, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरातली, चांदी तुझ्याकडे दुरुस्तीला आली, फार बरं झालं. तुझ्या हातावर माझा विश्वास आहे, पण हे काम देवघरातल्या चांदीसारखं नाही. म्हणून सविस्तर लिहितो.

तिक, म्हणजे चांदीच्या पत्र्याने मढवलेली ती लाकडी पेटी, रिकामी असेल तरच ताब्यात घे. बगदादी आणि आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांकडे तोराची, म्हणजे त्यांच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी या पेटीत उभी असते, उभीच वाचतात. चामड्यावर शाईने लिहिलेली ३,०४,८०५ अक्षरं आहेत. एक अक्षर जरी तुटलं तरी लेखनिकाने ते नीट करेपर्यंत गुंडाळी वाचनाला चालत नाही.

रिम्मोन म्हणजे हिब्रूत डाळिंब, अनेकवचन रिम्मोनिम. बायबलमधल्या निर्गम या ग्रंथाच्या २८व्या अध्यायात महायाजकाच्या झग्याच्या घेराला डाळिंबं आणि सोन्याच्या घंटा आहेत, तीच डाळिंबं आणि घंटा इथे चांदीच्या रिम्मोनिमच्या जोडीत गुंडाळीच्या दांड्यांवर बसतात. तुझ्याकडच्या जोडीसारखं डाळिंब पोकळ असतं, दोन वाट्या मधोमध झाळलेल्या. आग दाखवण्याआधी हवा जायला भोक आहे का बघ. नसेल तर आतली हवा तापून सांधा उसवतो.

त्याहून मोठा धोका जुन्या डागडुजीचा. सांध्याशी करडा, मळकट पट्टा दिसला की समज, कुणीतरी कथील-शिशाचा डाख दिलाय. तो खरवडून पुरता काढ. थोडा जरी राहिला आणि वर चांदीचा डाख द्यायला गेलास, तर तापलेलं शिसं चांदी खातं, पत्र्याला खड्डे पडतात, आरपार भोकंही पडतात. पुरता निघत नसेल तर आग लावूच नकोस, आतून पट्टी घालून रिव्हेट मार.

डाळिंबाला घुंगरं टांगायची भोकं झिजून लांबट झाली असतील. ती चांदीच्या चकतीने बुजव, झाळ आणि नव्याने पाड. घुंगराची कडी मात्र मऊ तारेची ठेव. झिजायची ती कडी झिजू दे, डाळिंब नको. पोचे काढायला मानेतून वाकडी सळई आत घाल आणि हलक्या हाताने उचल.

तिकच्या पत्र्याला लोखंडी खिळे असतील तर बदल. ते गंजून फुगतात आणि लाकूड चिरतं. चांदीचे खिळे घे आणि पत्र्यातलं भोक किंचित सैल ठेव, नाहीतर पावसाळ्यात लाकूड फुगलं की पत्रा भोकापाशी फाटतो.

चकाकी कमीच आण, मी हे आग्रहाने सांगतो. देणगीदाराचा लेख हिब्रूत असो वा मराठीत, जोरात घासलं की सर्वांत आधी तोच पुसला जातो. बारीक खडूची पूड, पाणी आणि मऊ सुती फडकं पुरे. खोलगट जागेतला काळेपणा राहू दे, उठाव त्यानेच दिसतो. चांदी द्रवात बुडवू नकोस, पोकळीत शिरलेला द्रव महिनोनमहिने झिरपतो. गुंडाळायला लोकर किंवा रबरबँड नको, त्यांतल्या गंधकाने चांदी काळवंडते.

सोबत यादही असेल, वाचताना ओळ दाखवायची ती हाताच्या आकाराची काडी. तिच्या बोटाचं टोक गुळगुळीत आणि बोथट ठेव. टोकदार केलंस तर शाई खरवडेल.

काढलेला प्रत्येक खिळा, तुटलेला घुंगरू, चांदीचा चुरासुद्धा पुडीत बांधून परत दे, दुसऱ्या कामात वितळवू नकोस. ही आभूषणं पवित्र मानतात. आणि तिकचं बिजागर सोडवण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढून मला पाठव.

तुझा,
जुना मित्र