छपाईचा रंग फाइल तयार करतानाच ठरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘छापून आल्यावर रंग वेगळाच दिसतो’ ही तक्रार मुद्रणपूर्व विभागात काम करताना मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे. दोष बहुधा मशीनच्या माथी मारला जातो. पण माझ्या अनुभवात तो बऱ्याचदा फाइल तयार होतानाच तिच्यात शिरलेला असतो.

संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या मिश्रणातून, म्हणजे आरजीबी पद्धतीने रंग दाखवतो. कागदाला स्वतःचा प्रकाश नसतो. त्यावर पडलेल्या प्रकाशातला काही भाग सायन (आकाशी निळी), मॅजेंटा (किरमिजी), पिवळी आणि काळी या चार शाया, म्हणजे सीएमवायके, शोषून घेतात व उरलेला आपल्या डोळ्यांपर्यंत येतो. त्यामुळे पडद्यावरचे झळझळीत निळे, हिरवे आणि नारिंगी रंग या चार शायांत मावतच नाहीत. एका संस्थेच्या वार्षिक अहवालाचे मुखपृष्ठ आमच्याकडे असेच भडक निळ्या आरजीबी रंगात आले. सीएमवायकेत रूपांतर होताच सायनच्या जोडीला भरपूर मॅजेंटा आला आणि निळ्याचे जांभळे झाले. एक दिवस वाचावा म्हणून प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, पाहायचे टाळले होते. सगळ्या प्रती छापून झाल्यावर ते जांभळे मुखपृष्ठ पाहताना त्या मंडळींइतकेच मलाही वाईट वाटले.

याहून अधिक नुकसान मजकुराचे होते, आणि त्याकडे कोणाचे लक्षच जात नाही. आरजीबीतली काळी अक्षरे रूपांतरानंतर चारही शायांची बनतात. प्रत्येक शाईची एक अशा छपाईच्या चार प्लेट्स एकमेकींवर केसभर जरी सरकल्या, तरी भिंगाखाली अक्षरांना गुलाबी-निळसर कडा दिसतात. देवनागरीत तर अनुस्वाराचा ठिपका फुगतो, रफार पुसट होतो आणि जोडाक्षरांतल्या बारीक जागा भरून जातात. (आपल्या अंकाच्या कडेला दिसणारे चार रंगांचे छोटे ठिपके प्लेट्सची हीच जुळणी तपासण्यासाठी असतात.) म्हणून मजकुराचा काळा १०० टक्के काळ्या शाईचाच असावा, बाकीच्या तिन्ही शाया शून्यावर असाव्यात आणि त्याला ओव्हरप्रिंट (खालचा रंग न कापता त्याच्यावरच छापणे) लावलेले असावे. मोठ्या काळ्या पट्ट्याला इतर शायांची जोड जरूर द्यावी, पण एकूण शाईचे, म्हणजे एकाच जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांच्या बेरजेचे, भान ठेवून: गुळगुळीत आर्ट पेपर साधारण ३०० ते ३३० टक्के शाई सहन करतो, तर वृत्तपत्राच्या कागदाला २४० टक्क्यांच्या आसपासच थांबावे लागते. त्यापुढे शाई वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीला लागते.

हे आकडे कागदागणिक बदलतात, म्हणूनच काम हाती घेण्याआधी कोणता कागद, कोणते रंग-प्रोफाइल आणि कोणत्या प्रकारची पीडीएफ हवी, हे मुद्रकाला विचारले पाहिजे. प्रोफाइल म्हणजे विशिष्ट कागद, शाई आणि मशीन यांच्यावर रंग कसा उतरतो याचे मोजून तयार केलेले वर्णन. ते अंदाजाने निवडायची गोष्ट नव्हे. छपाईसाठीच्या पीडीएफच्या प्रमाणित प्रकारांपैकी पीडीएफ/एक्स-१ए मध्ये आरजीबी चालतच नाही, तर पीडीएफ/एक्स-४ मध्ये प्रोफाइल जोडलेली आरजीबी छायाचित्रे चालतात. मूळ छायाचित्र मात्र आरजीबीतच जपून ठेवावे, कारण एकदा सीएमवायकेत गमावलेले रंग उलट रूपांतर करून परत मिळत नाहीत.

माझी मुद्रकांना विनंती आहे की, दरपत्रकासोबतच ही माहिती लेखी द्यावी. आणि काम देणाऱ्यांनी अंतिम कागदाशी जुळणारे प्रूफ मागून घ्यावे व ते ५००० केल्विनच्या (केल्विन हे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) प्रमाणित प्रकाशात पाहून त्यावर सही करावी. मोबाइलवर पाठवलेल्या चित्राला रंगाची मंजुरी कधीही देऊ नये.

आपली,
मुद्रणपूर्व विभागात काम करणारी एक वाचक