नंबर काढला, डोळे तपासायचे राहिले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या भागात दर गणेशोत्सवात एखादे तरी मंडळ मोफत नेत्रतपासणी आणि चष्मेवाटपाचे शिबिर घेते. उपक्रम चांगला आहे आणि त्यासाठी राबणाऱ्या कार्यकर्त्यांबद्दल मला आदर आहे. मात्र मी पाहिलेल्या शिबिरांत केवळ चष्म्याचा नंबर काढला जातो आणि लोक ‘डोळे तपासून झाले’ या समाधानाने घरी जातात, याची काळजी वाटते म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या वडिलांच्या बाबतीत हेच घडले. चाळिशी लागली तेव्हा त्यांनी बसस्थानकाबाहेरून दीड नंबरचा चष्मा घेतला, पुढे दोन शिबिरांत नंबर वाढवून घेतला, आणि वर्तमानपत्रातली बारीक अक्षरे त्यांना अखेरपर्यंत वाचता येत असल्यामुळे नजरेला काही झाले असेल अशी शंका घरात कोणालाच आली नाही. जेवताना ते ताटाच्या डाव्या बाजूची चटणी हाताने चाचपून शोधू लागले, दाराच्या चौकटीवर त्यांचा खांदा आपटू लागला, तेव्हाही ‘मोतीबिंदू असेल, पिकला की काढू’ असे म्हणत आम्ही वर्षभर थांबलो. तपासणीत निघाला तो काचबिंदू. डाव्या डोळ्याची नजर तोवर जवळपास गेली होती.

मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. ते बदलले की बहुधा पुन्हा स्वच्छ दिसते. काचबिंदूत डोळ्यामागची नस सुकत जाते आणि तिच्याबरोबर गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. थेंबांनी किंवा शस्त्रक्रियेने उरलेली तेवढी राखता येते. आपल्याकडे एका प्रकारात डोळा अचानक लाल होऊन ठणकतो, दिव्याभोवती रंगीत वलये दिसतात, उलट्या होतात आणि घरचे पित्त समजून बसतात. अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जायला हवे. परंतु बहुतेकदा हा आजार दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडून आत आवळत येते आणि समोरचे स्पष्ट दिसत राहते, त्यामुळे अक्षरांच्या तक्त्यावर हा रुग्ण सहज ‘पास’ होतो.

डोळ्याचा दाब साधारणपणे 10 ते 21 मिलिमीटर पारा एवढा असतो. दाब या मर्यादेत असूनही काहींची नस खराब होते, म्हणून दाब मोजण्याबरोबरच डोळ्यामागची नस पाहणेही आवश्यक असते. घरात कोणाला काचबिंदू असेल तर त्याच्या भावंडांनी आणि मुलांनी ही तपासणी टाळूच नये. वडिलांचे निदान झाल्यावर आम्ही भावंडांनी ती करून घेतली तेव्हा माझ्या थोरल्या बहिणीचा दाब वाढलेला आढळला. ती आता रोज रात्री थेंब घालते आणि तिची नजर शाबूत आहे. मधुमेह असणाऱ्यांनी तर दिसण्यात फरक पडलेला नसला तरी वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा तपासून घ्यायलाच हवा.

चाळिशी कोणाला चुकत नाही. जवळचे अक्षर अंधूक झाले की माणूस आपल्या पायांनी चष्म्याच्या दुकानात जातो. त्याच वेळी तो एकदा नेत्रतज्ज्ञापर्यंत पोहोचला, तर माझ्या वडिलांसारखी कितीतरी माणसे वेळेत सापडतील.

शिबिर घेणाऱ्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे, की चष्म्यांची संख्या थोडी कमी झाली तरी चालेल, पण चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा दाब आणि नस पाहण्यासाठी नेत्रतज्ज्ञ बोलवावेत, आणि ते शक्य नसेल तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी तरी हातात द्यावी. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास अंधूक दिसते, गाडी चालवता येत नाही, आणि एवढ्याच कारणाने अनेक जण ही तपासणी सोडून निघून जातात. तेव्हा सोबत घरचे एक माणूस आणावे, हे शिबिराच्या फलकावर आधीच लिहावे.

आपली नम्र,
एक वाचक, सातारा जिल्हा