‘अप’ म्हणजे फक्त ‘वर’ नव्हे

संपादक महोदय,

इंग्रजीतल्या ‘अप’चा अर्थ शाळेपासून ‘वर’ असा पाठ झालेला असतो आणि भाषांतरात तिथेच घोटाळा होतो. ‘स्टँड अप’मध्ये दिशा आहे, हे खरे. पण ‘ईट अप’, ‘टेअर अप’, ‘यूज अप’ यांत वर काहीच जात नाही. तिथे ‘अप’ क्रिया पूर्ण तडीस गेल्याचे सांगतो. मराठीत हे काम बहुधा ‘टाकणे’ करते: खाऊन टाकणे, फाडून टाकणे. ‘टाइम इज अप’ म्हणजेही वेळ संपली.

‘मेक अप’चे अर्थ पाहा: रंगभूषा करणे, भांडण मिटवणे, खोटी गोष्ट रचणे, पुढे ‘फॉर’ आला की उणीव भरून काढणे. पूर्ण वाक्य पाहिल्याशिवाय अर्थ ठरवूच नये. ‘बर्न डाउन’ मुख्यतः इमारतींसाठी वापरतात, कारण जळून ती जमीनदोस्त होते. ‘स्लो अप’ आणि ‘स्लो डाउन’ मात्र एकच!

सर्वनामाची जागा हमखास चुकते. ‘लुक अप द वर्ड’ आणि ‘लुक द वर्ड अप’ दोन्ही चालतात. पण ‘द वर्ड’ऐवजी ‘इट’ आले की ‘लुक इट अप’ एवढेच बरोबर. ‘क्लाइम्ब अप द लॅडर’चे उलट आहे. तिथे ‘अप’ शिडीशी जोडलेला असल्यामुळे ‘क्लाइम्ब अप इट’ असेच म्हणावे लागते.

विद्यार्थ्यांसाठीच्या बहुतेक कोशांत अशी जोडक्रियापदे मूळ क्रियापदाच्या नोंदीच्या शेवटी असतात. नोंद अर्ध्यावर सोडणाऱ्याला ती सापडतच नाहीत.

– एक भाषांतरकार