बीपीच्या गोळीत खंड पडू देऊ नका : आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना
सविनय नमस्कार.

बीड जिल्ह्यात आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी झाली. आता निवृत्त आहे, पण बीपीचं मशीन घरात आहे आणि म्हाताऱ्या माणसांचं येणं-जाणं चालूच असतं. त्यांच्या वतीनं एकच मागणी आहे: बीपीच्या गोळ्या गावातच आणि एका वेळी तीन महिन्यांच्या मिळाव्यात.

गोळी चुकवली तर लकवा मारेल, हार्ट अटॅक येईल, असं आम्ही लोकांना सांगत आलो. आता स्मृतिभ्रंशाचंही, म्हणजे डिमेन्शियाचंही, सांगायला हवं. वाढलेलं बीपी मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब करत राहतं, आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. अमेरिकेतल्या 'स्प्रिंट' अभ्यासात वरचं बीपी १४० ऐवजी १२० च्या खाली ठेवायचा प्रयत्न झाला. २०१९ च्या निष्कर्षांत सौम्य विस्मरणाचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी आढळलं. डिमेन्शियाचं मात्र ठामपणे सिद्ध झालं नाही, कारण हृदयाला झालेला फायदा पाहून तो प्रयोग मुदतीआधीच थांबवला होता.

ती उणीव जियांग हे या संशोधकाच्या गटानं भरून काढली. चीनमधल्या ३२६ खेड्यांत, चाळिशी गाठलेल्या आणि बीपी आटोक्यात नसलेल्या सुमारे ३४ हजार लोकांवर त्यांनी चार वर्षं काम केलं. २०२५ मध्ये निकाल आला. बीपी १३०/८० च्या खाली आणायचा नेटानं प्रयत्न झालेल्या खेड्यांत डिमेन्शिया १५ टक्क्यांनी कमी निघाला. हे काम शहरातल्या तज्ज्ञांनी केलं नाही, गावातल्या आरोग्यसेवकांनी केलं! त्यांना प्रशिक्षण दिलं, ठरलेल्या पायऱ्यांनी औषध वाढवायला शिकवलं, वर डॉक्टरांची देखरेख ठेवली. गोळ्या मोफत किंवा सवलतीत दिल्या, घरी मोजायला मशीन दिलं. साहेब, आमच्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिरात समुदाय आरोग्य अधिकारी आहेत, दारोदार फिरणाऱ्या आशाताई आहेत. माणसं आहेत, गोळ्याच पुरत नाहीत.

शेजारच्या वाडीतल्या एका आजींचं सांगते. लेक-सून कोयता घेऊन ऊसतोडीला कारखान्यावर, दोन नातवंडं आजींजवळ. मशीन लावण्याआधी त्यांना पाच मिनिटं शांत बसवलं, तरी वरचं बीपी १८२. गोळ्या घेता का म्हटलं, तर पदराची गाठ सोडून पट्टी दाखवली. त्यात दोन अख्ख्या गोळ्या आणि कागदात गुंडाळलेला एक अर्धा तुकडा. "पुरवून पुरवून खाते माय, पुन्हा कवा मिळतील काय माहीत." नातू म्हणाला, आजी भाजीत दोनदा मीठ टाकते. त्यांचा विसर बीपीमुळेच आहे असं मी म्हणणार नाही. ते तपासायला कुणी आलेलंच नाही. आमच्याकडे याला 'म्हातारपण' म्हणतात आणि विषय संपतो. लक्ष ठेवणारी माणसं सहा महिने फडावर असतात, मग विसर पडतोय हे कळणार कुणाला?

देशात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. खेड्यांत आणि बायकांत तो जास्त आहे. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम २०१७ मध्ये सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातून सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा निवडले गेले. मराठवाड्यातला एकही जिल्हा त्यात नव्हता. हे मनाला लागलेलं आहे.

सरसकट सगळ्यांचं बीपी १२० वर आणा, असं माझं म्हणणं नाही. थकलेल्या माणसाला चक्कर येते, पडून खुबा मोडतो. म्हणून उभं करूनही बीपी बघावं लागतं आणि औषध बेतानं वाढवावं लागतं. हे शिकवता येतं. आशाताईंना चार साधे प्रश्न विचारून विसराची नोंद घ्यायलाही शिकवता येईल.

ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडतात. त्याआधी मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत घरोघर बीपी मोजून घ्या. जाणाऱ्याच्या पिशवीत आणि मागे राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या हातात तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्या, आणि साठा संपण्याआधी पुढची खेप उपकेंद्रात पोचेल याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी टाका.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
जि. बीड